मधल्या साहेबाचा नारळ

मी एकदा एक नवस बोलले होते. तो माझ्यासाठी नव्हता, माझ्या लेकरांसाठीही नव्हता. जिच्यासाठी बोलले ती बाई आणि मी तेव्हा एकाच नळावर पाणी भरायचो आणि एकमेकींशी बोलत नव्हतो. तिचं नाव सांगणार नाही, कारण आमच्या पळसवड्यात ते सांगायचं नसतं. का सांगायचं नसतं, त्याची ही गोष्ट. मला माझ्या सासूबाईंनी सांगितली, त्यांना त्यांच्या सासूनं.

फार वर्षं झाली. कोल्हापुरात संस्थान होतं, आणि आमच्या नदीवर पूल नव्हता. अलीकडे पळसवडे, पलीकडे खडकोळ, आणि दोन्ही गावांचा भैरोबा एकच. चैत्रात जत्रा भरली की दोन्ही गावचे तरुण माळावर चेंडू खेळायचे. कोल्हापूरच्या तालमींतून हा फुटबॉल गावात आला होता आणि लोकांना त्याचं वेड लागलं होतं. पायात काही नाही, बांबूचे दोन खांब रोवले की गोल. जे गाव जिंकेल त्याच्याकडे भैरोबाचा चांदीचा टाक वर्षभर राहायचा. त्याच गावात पूजा, त्याच गावात पालखी.

त्या काळात नदीवर पूल बांधायला एक साहेब आला. स्कॉटलंड नावाच्या थंड देशाचा. नाव हेमिश. आडनाव कुणाच्या जिभेला वळलं नाही, ते गेलं पुसून. गाव त्याला हेमूअण्णा म्हणू लागलं. डाव्या पायानं लंगडायचा. दोन वर्षांत तो मराठी शिकला, पण जेवढ्यास तेवढी. एका शब्दाचं काम दोन शब्दांनी करायचा नाही.

असं म्हणतात, की त्याचा बाप कोळशाच्या खाणीत होता आणि हा गल्लीत चिंध्यांचा चेंडू खेळत मोठा झाला. सतराव्या वर्षी एका मोठ्या संघानं त्याला पगारावर ठेवलं. तिकडे खेळण्याचा पगार मिळतो, हे ऐकून आमचे लोक आधी हसले होते. अकरा वर्षं तो तीन संघांकडून खेळला. त्याची जागा मधली. मागच्यांकडून चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा, एवढंच त्याचं काम. अकरा वर्षांत त्याचे स्वतःचे गोल एका हाताच्या बोटांवर मावतील एवढे, पण त्यानं दिलेल्या चेंडूवर दुसऱ्यांनी केलेले गोल मोजायला त्याच्या गावच्या शाळेतली पाटीसुद्धा पुरली नसती.

मग त्याला देशाकडून खेळायला बोलावलं. तिकडे देशाकडून खेळणाऱ्याला एक टोपी देतात, खरीखुरी, मखमलीची. हेमूअण्णाला ती एकदाच मिळाली. दुसऱ्यांदा बोलावणं आलं नाही. पुढं गुडघा मोडला, खेळ सुटला, आणि तो पुलांच्या कामावर लागून देशोदेशी फिरत आमच्याकडे आला. टोपी ट्रंकेत होती. ती त्यानं कधी डोक्यावर घातली नाही.

आता येसू कुंभाराचं सांगते. आदल्या जत्रेत खेळ संपता संपता येसूनं चेंडू अडवायला पाय घातला आणि चेंडू त्याच्या पायाला लागून आपल्याच खांबांमधून गेला. टाक खडकोळला गेला. त्या वर्षी पळसवड्यात म्हशी आटल्या, दोन विहिरी तळाला गेल्या, एक लग्न मोडलं. सगळं येसूच्या नावावर पडलं. कुणी त्याच्या घरची मडकी घेईना, म्हणे त्यातलं पाणी कडू लागतं. त्याला नावानं हाक मारणंही गावानं सोडलं. ‘तो’ म्हणायचे, ‘कुंभाराचा’ म्हणायचे. येसू आईला म्हणाला, “ही जत्रा झाली की मी गाव सोडतो. माझ्यामुळं तुझी भट्टी कशाला विझवू?”

त्याची आई गजराबाई. एकुलता एक मुलगा, नवरा गेलेला. तिनं भैरोबापुढं पदर पसरला आणि नवस बोलली, “ज्या दिवशी हे गाव माझ्या येसूला नावानं हाक मारील, त्या दिवशी मी मीठ तोंडाला लावीन. तोवर आळणी.” आणि त्या दिवसापासून ती आळणी भाकरी, आळणी आमटी खाऊ लागली.

गुडघा सुजला की हेमूअण्णा तिच्याकडे यायचा. भट्टीजवळची कोमट माती मळून ती त्याच्या गुडघ्यावर थापायची. असाच एकदा तो तिच्या ओट्यावर जेवला, आणि पहिला घास घेऊन थांबला.

“मीठ नाही,” तो म्हणाला.

“ताटात वाढलंय की डावीकडं. तुमी घ्या, अण्णा. माजा नेम हाय.”

मग तिनं येसूचं सगळं सांगितलं. हेमूअण्णानं ऐकून घेतलं. गुडघ्यावरची वाळलेली माती हातानं झाडली. मग म्हणाला, “टोपीच्या दिवशी चेंडू माझ्याकडे होता. शेवट होता. बाजूला आमचा एक मोकळा होता. मी त्याला पाहिलं. तरी मीच मारला. वरून गेला.”

“हरला व्हय?”

“हरलो. लोक म्हणाले, नशीब. पण मी त्याला पाहिलं होतं, गजराबाई.”

एवढंच. पुन्हा त्यानं ती गोष्ट कधी काढली नाही.

चैत्र आला. पळसवड्याच्या पंचांनी साहेबाला गळ घातली, की आमच्याकडून खेळा. हेमूअण्णा म्हणाला, “येसू असेल तर.” पंचांची तोंडं उतरली, पण साहेबाची अट, करतात काय. येसूला बजावलं, “कडंला हुबा ऱ्हा. चेंडूला पाय लावू नगंस, म्हंजे झालं.” खडकोळकरांना विचारलं तर ते हसून म्हणाले, “खुशाल घ्या. लंगडा साहेब आणि कुंभाराचा, दोन्ही आमच्याच बाजूचे.”

मग गावातल्या बायका नवस बोलल्या. घरटी एक, असे एकशे एक नारळ, लाल फडक्यात बांधून भैरोबापुढं ठेवले. सगळ्यांचं मागणं एकच: हेमूअण्णाच्या पायानं गोल होऊ दे. येसूसाठी एकीनंही काही मागितलं नाही. त्याच्यासाठी मागणारी एकटी त्याची आई, आणि तिच्याकडे नारळ नव्हता, आळणी जेवण होतं.

खेळ सुरू झाला. असं म्हणतात, की उतू जाणाऱ्या दुधावर पाण्याचा शिपका मारावा तसा चेंडू हेमूअण्णाच्या पायाशी आला की निवायचा. तो धावत नव्हता, माळच त्याच्याभोवती फिरत होता. कुणी म्हणतं, त्या दिवशी धूळ त्याच्या वाटेतून बाजूला सरत होती. पण गोल काही होईना, इकडेही नाही आणि तिकडेही नाही. ऊन कलत आलं. रीत अशी, की शिदोबा गुरवानं आरतीच्या ढोलावर टिपरी हाणली की खेळ संपला. शिदोबानं टिपरी उचलली.

त्याच वेळी हेमूअण्णा चेंडू घेऊन सगळ्यांच्या पुढं निघाला. समोर दोन खांब आणि मध्ये एकटा खडकोळचा रखवालदार. एकशे एक बायकांनी हात जोडले. असं म्हणतात, शिदोबाची टिपरी हवेतच राहिली आणि नदीचं पाणी थांबून बघत राहिलं.

रखवालदार त्याच्या अंगावर धावला. हेमूअण्णानं पाय उचलला, आणि चेंडू हळूच उजव्या कडेला ढकलला.

“मेल्यानं घालवलंन्,” कुणी म्हातारी म्हणाली.

कडेला येसू होता. त्याच्याजवळ कुणीच नव्हतं, वर्षभर नव्हतं. चेंडू त्याच्यापर्यंत आला तो आरतीचं ताट एका हातातून दुसऱ्या हातात यावं तसा. आपल्याच गावची माणसं ओरडत होती, लावू नको, लावू नको. त्यानं हेमूअण्णाकडे पाहिलं. हेमूअण्णानं फक्त होकाराची मान हलवली. येसूनं पाय लावला. चेंडू खांबांमधून गेला आणि पलीकडे शेतात जाऊन थांबला. मग टिपरी ढोलावर पडली.

कुणीतरी म्हणालं, “येसू.” मग दुसरं म्हणालं. मग साऱ्या माळानं म्हटलं. गजराबाई भट्टीवर होती, ती खेळ बघायला आलीच नव्हती. तिला ते तिथं ऐकू आलं. तिनं मडक्यातला मिठाचा खडा काढून जिभेवर ठेवला.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण खरा घोळ पुढंच झाला, आणि तो आमच्याच लोकांना होण्यासारखा. शिदोबा गुरव नारळ फोडायला बसेना. म्हणाला, “नवस साहेबाच्या पायाचा. गोल कुंभाराच्या पायाचा. न फळलेल्या नवसाचा नारळ मी फोडणार न्हाई.”

“मग परत न्यायचा? देवापुढचा नारळ घरात?” बायका म्हणाल्या.

“ते मला इचारू नका.”

नारळ फोडता येईना, नेता येईना. वरून खडकोळकर उभे राहून मजा बघत होते. शेवटी पंच हेमूअण्णाकडे गेले. “समोर मोकळं असून तुमी का न्हाई मारलात?”

हेमूअण्णा गुडघा धरून दगडावर बसला होता. त्याला प्रश्नच कळेना. म्हणाला, “तो मोकळा होता.”

तेवढ्यात गजराबाई माळावर आली. हाताची माती तशीच. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, “बायांनु, तुमी मागितलं एकाच्या पायाला आणि देवानं दिलं दुसऱ्याच्या. मग नारळ तरी आपला आपण कशाला धरून बसायचा? शेजारणीच्या हातात द्या. तिनं पुढचीला द्यावा. थांबंल तिथं फोडावा. तो कुणाचा हे कुणी इचारू नये.”

शिदोबानं डोकं खाजवलं. शास्त्रात हे कुठं बसत नव्हतं, पण शास्त्राच्या बाहेरही जात नव्हतं. “व्हय,” तो म्हणाला. “मग चाललं.”

नारळ हातोहात निघाले. पळसवड्याच्या रांगेतून जाता जाता पुढचे नारळ खडकोळकरांपर्यंत पोचले. हरलेली माणसं ती, क्षणभर त्यांचे हात पुढं आले नाहीत. मग त्यांच्यातल्या त्या रखवालदारानं पहिला नारळ घेतला. असं म्हणतात, की त्या दिवशी एकशे एक नारळ फुटले आणि एकही आपल्या धनिणीच्या हातानं फुटला नाही. गजराबाईनं खोबऱ्याच्या प्रत्येक तुकड्यावर मिठाचा कण ठेवला.

येसू गावातच राहिला. त्याच्या घरची मडकी आजही पळसवड्यात पाण्याला पहिली मानतात.

पूल पुरा झाला तेव्हा हेमूअण्णानं ठीक मधोमध, कठड्यालगत, आपल्या हातानं एक दगड बसवला. तिथून दोन्ही गावं सारख्याच अंतरावर दिसतात. मग तो गेला. कुणी म्हणतं बोटीनं मायदेशी गेला. कुणी म्हणतं, पुलावरच्या धुक्यात शिरला आणि कुठल्याच काठाला निघाला नाही. टोपी त्या दगडाखाली आहे असं म्हणतात. दगड उचलून कुणी पाहिलेलं नाही, आणि पाहूही नये.

अजून चैत्रात जत्रेच्या संध्याकाळी दोन्ही गावं पुलावर दोन्ही टोकांकडून रांगेनं उभी राहतात. नारळ हातोहात मधल्या दगडापर्यंत जातात. पलीकडचे नारळ अलीकडचे फोडतात आणि अलीकडचे पलीकडचे. प्रसादाला साखर नसते, खोबऱ्यावर मीठ असतं. आणि त्या नारळामागचा नवस स्वतःसाठी बोलायचा नसतो. रांगेत आपल्यापासून लांब, कडेला, एकटं कोण उभं आहे ते बघायचं आणि त्याच्यासाठी बोलायचा. त्याला सांगायचं नाही.

माझा नवस फळला. ती बाई आता नळावर माझी घागर उचलून माझ्या कमरेवर देते. मी अजून तिला काही सांगितलेलं नाही.

तुम्हांला आमच्या पुलापर्यंत येणं जमेल न जमेल. देव तुमच्याही घरात आहे. उद्या सकाळी दिवा लावाल तेव्हा आपलं मागणं एक दिवस बाजूला ठेवा. आपल्या ओळखीत कडेला मोकळं कोण उभं आहे, ते डोळ्यांसमोर आणा. त्याच्या नावानं एक नारळ बोला, आणि फळला की तो दुसऱ्याच्या हातात द्या.