मठ्ठ कासव आणि शूर एडका

ग्रीस देशातली ऑलिव्हची झाडं अजून रोपटी होती, तेव्हाची गोष्ट. समुद्राकाठच्या एका टेकडीवर एक एडका कोकरांना शौर्य शिकवायचा. "शूर तो, जो एक पाऊलही मागे घेत नाही," असं तो दरडावून सांगायचा.

एक म्हातारं कासव रोज मागे बसून ऐकायचं. एकदा ते म्हणालं, "गुरुजी, मी पडलो मठ्ठ. टक्कर मारायच्या आधी तुम्ही चार पावलं मागे जाता, त्याला काय म्हणायचं?"

कोकरं खिदळली. एडक्याचं डोकं फिरलं. त्याने सगळा कळप बोलावला आणि कासवाला दम भरला, "तू पोरं बिघडवतोस. प्रश्न बंद कर, नाहीतर कड्यावरून खाली लोटीन."

कासवाला मान कवचात ओढून घेता आली असती. त्याने ती आणखी बाहेर काढली.

"लोटायचं तर लोटा. प्रश्न बंद होणार नाहीत. आता एवढंच समजावून सांगा, गुरुजी. मठ्ठाच्या प्रश्नाला जो भितो, त्याला शूर म्हणायचं का?"

एडका चार पावलं मागे गेला. कळपाने श्वास रोखला.

पण एडका पुढे आलाच नाही.