डिकीतला टेप

मोटारींचे भाग एकमेकांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. अच्युतरावांच्या जुन्या मोटारीतला टेप डिकीत गेला आणि त्याच्या जागी नवा स्टिरिओ आला. फोनमधलं कुठलंही गाणं तो न थांबता वाजवी. पण अच्युतराव आणि त्यांच्या पत्नी कुमुदताई मुकाट्याने रस्ता बघत बसत. स्टिरिओला ते फार लागे.

एका संध्याकाळी त्याने डिकीतल्या टेपला विचारलं, "आजोबा, तुम्ही असं काय वाजवायचात, की ही दोघं खुशीत असायची?"

टेप अर्धवट झोपेत म्हणाला, "मी कुठला वाजवतोय? दुकानातून गाणी भरून आणलेल्या कॅसेटची एक बाजू भर गाण्यातच संपायची. कुमुदताई ती उलटून घालेपर्यंत उरलेलं गाणं अच्युतराव गुणगुणायचे."

दुसऱ्या दिवशी धुकं उतरलेल्या घाटात, गाणं रंगात आलं असताना स्टिरिओ हळूच गप्प झाला.

"रेंज गेली वाटतं," कुमुदताई म्हणाल्या.

अच्युतराव पुढची ओळ गुणगुणू लागले. कडव्यात ते अडखळले, तेव्हा कुमुदताईंनी सूर धरला.

स्टिरिओ कान देऊन ऐकत राहिला. जगातली सगळी गाणी त्याच्याकडे होती, फक्त हे नव्हतं.