सकवार वैदिणीचा तराजू

फार फार वर्षांमागं, या तळ्याला अजून पाळ बांधलेली नव्हती तेव्हा, काठावरच्या बोदलझरी गावात सकवार नावाची वैदीण राहायची. गाव ढिवरांचं. मासे धरायचे, काठावर ओतायचे आणि माणशी सारखे वाटे घालायचे, अशी रीत. पोटुशी बाई असली तर तिला दोन वाटे, एक तिचा आणि एक पोटातल्याचा. या रीतीचा गावाला फार अभिमान होता.

एका साली गावातल्या पोरांची पोटं मडक्यासारखी फुगली आणि हातपाय काड्यांसारखे झाले. पोटात जंत झाले होते. सकवार पळसाच्या बिया कुटून, त्यात आणखी कायकाय मिसळून जंतांवरची भुकटी करायची. पण ती कुणालाही सहजी द्यायची नाही. मोहाच्या फांदीला तिनं मोठा तराजू टांगला होता. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात दगड. दगड मोजायची, डोळ्याची पापणी खाली ओढून बघायची, बायांच्या कानात एक प्रश्न विचारायची, मगच पुडी बांधायची. ज्याची पुडी त्यानंच घ्यायची. पोटुशीला नाही, तापानं फणफणलेल्याला नाही.

लोक चिडवायचे, "बुढी आमाले वांग्यावानी तोलते!"

"वांगं सडलं तं दुसरं भेटते रे," ती म्हणायची.

तिची एकुलती लेक फुलवंता गावच्या मुखियाच्या, दसरूच्या घरी सून म्हणून दिली होती. फुलवंताची दोन लेकरं पोटातच गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि सातवा महिना लागला होता. हे लेकरू जगावं, एवढंच सकवारचं देवाकडं मागणं होतं.

दसरूच्याही पोटात जंत होते; त्याला सकवारच्या पुडीनं गुण आला आणि गाव उतावीळ झालं. नेमकं तेव्हाच सकवारला पल्याडच्या गावी अडलेल्या बाळंतिणीसाठी जावं लागलं. लोक दसरूच्या दारात जमले. "तुमी बरे झाले जी, आमच्या पोरांनी कवापर्यंत थांबावं?"

दसरू भला माणूस होता, आणि घात तिथंच झाला. त्यानं सकवारच्या घरातलं भुकटीचं गाडगं उचलून आणलं, काठावर पानं मांडली आणि मासे वाटतात तसे सारखे वाटे घातले. जेवढा बाप्याला, तेवढाच तीन वर्षांच्या पोरीला. फुलवंतापुढं दोन.

"मायनं मले नाही म्हटलं हाये, मामाजी."

"तुही माय तोलत बसन. माह्या नातवाचा वाटा मी कमी करू?"

सगळं गाव बघत होतं. तिनं दोन्ही वाटे घेतले.

तिसऱ्या दिवशी सकवार परतली, तेव्हा काठावर तीन लहान खड्डे बुजवलेले होते आणि चौथा, मोठा खड्डा खणणं चालू होतं. फुलवंता लेकरासकट गेली होती.

असं म्हणतात, सकवार रडली नाही. दसरू हात जोडून समोर आला. ती एवढंच म्हणाली, "बस." तो पारड्यात बसला. महिन्यामागं अकरा दगडांत उचलला गेलेला माणूस, आता काठावरचे सगळे दगड घातले तरी पारडं हलेना.

"कोणाले कितीक देल्लं, ते नाव घेऊन सांग," सकवार म्हणाली.

दसरूनं पहिल्या पोराचं नाव घेतलं, पारडं बोटभर वर आलं. दुसरं नाव घेतलं, आणखी बोटभर. तिसरं घेतलं. चौथं नाव काही त्याच्या तोंडून निघेना. तो तसाच बसून राहिला. असं म्हणतात, पावसाळे गेले, दोर कुजले, पारडं जमिनीला टेकलं, आणि दसरूचा दगड झाला. मोहाखाली मान घालून बसलेला तो दगड आजही दिसतो. सकवार मात्र दुसरा तराजू टांगून मरेपर्यंत माणसं तोलत राहिली. दसरूच्या घरची पोरंसुद्धा तिनं कधी परत पाठवली नाहीत, पण त्या दगडाकडं तिनं पुन्हा पाहिलं नाही.

आजही बोदलझरीत दवाखान्यातून जंताची गोळी आली, की आधी त्या दगडापाशी नेतात. घरातली थोरली बाई विचारते, "कोणाच्या नावाची? डाक्टरनं वजन केलं का? पोटात लेकरू हाये का?" ज्याच्या नावाची गोळी, त्यानंच उत्तर द्यायचं. उरलेली गोळी शेजाऱ्याला देत नाहीत, दवाखान्यात परत करतात. याला 'सकवारचं विचारणं' म्हणतात. बाहेरचे शहाणे या प्रकाराला हसतात. मग तालुक्याच्या बाजारात जाऊन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळ्यांची पट्टी मागतात, आणि दुकानदार एक अक्षर न बोलता ती हातावर ठेवतो. बोदलझरीत अजून विचारतात.