पिंडासमोरचा शब्द

“साधी हवी, की धोतरा घातलेली?”

“माझ्या भावाला जी द्यायचात ती.”

सिद्धगिरी महाराज मठाच्या ओट्यावर कुंडीत भांग घोटत होते. हात थांबला नाही.

“तू तर पीत नाहीस.”

“मला नकोच. नदीवर हणमंताचा दहावा चाललाय. सकाळपासून कावळा पिंडाला शिवत नाही. आईला सांभाळीन म्हणालो, बहिणीचं लग्न लावीन म्हणालो. कावळे येतात, बघतात, उडून जातात. भटजी म्हणाले, आवडीचं काही राहिलं असेल तर आणून ठेव... त्याला दुसरं काय आवडत होतं? तुम्ही काही शिल्लक ठेवलं होतं?”

महाराज घोटतच राहिले.

“आधी तो नुसता डोळे मिटून बसायचा. शिवरात्रीला तुम्ही प्रसाद म्हणून वाटी दिलीत. त्याला महादेव दिसला. मग वाटीशिवाय बसेना. म्हणायचा, तिच्याशिवाय आत नुसता अंधार आहे. शेवटी डोहात चालत गेला. काठावरच्या बायकांना म्हणाला, पलीकडून बोलावणं आलंय... त्याला पोहता येत नव्हतं, महाराज.”

“मी नाही म्हटलं असतं, तर उकिरड्यावरचा धोतरा ओरबाडून खाल्ला असता.”

“मग नाही म्हणून बघायचं होतं.”

महाराजांनी वाटी भरली. माझ्यापुढे धरली.

“ने. पिंडाजवळ ठेव. शिवेल.”

मी वाटी घेतली... आणि त्यांच्या धुनीत ओतली. निखारे चरचरले. कोपऱ्यातला एक चेला चिमटा घेऊन उठला. महाराजांनी त्याला नजरेनेच खाली बसवलं.

“तुम्हीच चला,” मी म्हणालो. “पिंडासमोर हात जोडा. म्हणा, हणमंता, मी सोडली. आजपासून वाटीशिवाय बसेन. बापाचा शब्द त्याने कधी पाळला नाही, तुमचा कधी मोडला नाही. तुमचं ऐकेल. लगेच शिवेल.”

महाराजांनी कुंडी बाजूला सारली. मग उठले. खडावा घातल्या. पायरीपर्यंत आले... तिथेच थांबले.

“पिंडासमोर खोटं बोलता येत नाही,” ते म्हणाले.

“माहीत आहे. म्हणून तर तिथे बोलावतोय.”

ते वळले, ओट्यावर जाऊन बसले आणि कुंडी मांडीशी ओढली.

“पोरा,” ते म्हणाले, “दुसरं काहीही माग.”