चंद्रीचं कौतुक

घरं शेणानं सारवत असत त्या काळी भागाक्काच्या घरात चंद्री नावाची मांजर होती. ती परसात जायची, माती उकरायची आणि मुकाट्यानं झाकून यायची.

मग घरात कुत्र्याचं पिल्लू आलं. ते नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर कुठंही मुतायचं. भागाक्का दर वेळी त्याला उचलून परसात नेऊन ठेवायची. एकदा ते आपणहून परसात जाऊन आलं, तर तिनं त्याला दूधभाकरी कुस्करून दिली. "शहाणं गं बाई माझं पिल्लू!"

चंद्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. "जन्मभर परसात जाते मी, मला कुणी शहाणी म्हटलं नाही. आधी घरात घाण करावी लागते, मग कौतुक होतं तर!" ती भागाक्काच्या घोंगडीवर मुतली आणि दूधभाकरीची वाट बघत बसली.

भागाक्कानं ओली घोंगडी पाहिली आणि पिल्लाच्या पाठीत धपाटा घातला.

"मी नाही! मावशीनं केलं," पिल्लू केकाटलं.

"चंद्रीवर आळ घेतोस?" भागाक्का कडाडली. "इतक्या वर्षांत घरात एक थेंब नाही सांडला तिनं. तिच्यासारखी शहाणी शोधून सापडायची नाही!"

आणि पिल्लाची दूधभाकरीची वाटी उचलून तिनं चंद्रीपुढं ठेवली.

कोपऱ्यातून पिल्लू बघत होतं. चंद्रीनं वाटीत तोंड घातलं आणि न खाताच बाहेर काढलं.