ओट्यावरचं पाऊल

झेंडूच्या मळ्याला लागून एक घर होतं. घर म्हणजे काय, एक खोली, एक चूल आणि पुढे मातीचा इवलासा ओटा. त्या घरात बकुळा आणि तिची आई राहत. बकुळाचे बाबा मळ्यात माळीकाम करायचे, पण सरत्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. तेव्हापासून आई दुसऱ्यांच्या दारांसाठी तोरणं ओवायची. पिवळाधमक झेंडू, केशरी झेंडू, मध्येच आंब्याचं हिरवंगार पान! गावाची दारं हसायला लागायची आणि आईची बोटं सुईनं टोचून टोचून सुजायची.

बाबा मागे ठेवून गेले होते ते एक पाऊल. ओटा नवा घातला तेव्हा त्यांनी उंबऱ्याजवळ, ओल्या मातीत, आपली मूठ आडवी दाबली होती. मग बोटाच्या टोकानं पाच खळगे केले आणि झालं लक्ष्मीचं पाऊल, बाहेरून घरात येणारं. दर दिवाळीला त्यात पांढरीशुभ्र रांगोळी भरायची. आई ओटा सारवायची तेव्हा तेवढा गोल सोडून सारवायची. बकुळा त्याला म्हणायची ‘बाबांचं पाऊल’.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आई तोरणांची पाटी घेऊन बाजाराला निघाली.

“बकू, ओटा सारवून ठेव गं बाळा. कडेनं ठिपके घाल, आणि बाबांच्या पावलात रांगोळी भर. दिवेलागणीला मी येतेच.”

“हो आई. तू काळजी नको करू,” बकुळा म्हणाली.

बकुळा मनानं गोड पोर, यात शंकाच नाही. पण सारवणाचा तिला भारी कंटाळा! शेणात हात घालायचे, गुडघ्यावर सरकत सरकत मागे जायचं, आणि नखांत माती जाते ती वेगळीच. म्हणून ती आधी मळ्यात गेली. दाराला एक छोटंसं तोरण करू, सारवण काय, होईल मग.

मळ्यात खुडून उरलेली फुलं होती, लहान लहान, बटणाएवढी. एकच फूल मात्र चांगलं मोठं होतं. केशरी, गुबगुबीत, पाकळ्यांच्या कडा सोनेरी. तोरणाच्या मधोमध कसं शोभलं असतं! बकुळानं देठाला हात घातला, तोच आतून बारीकसा आवाज आला.

“नको ना गं तोडू. माझं अंथरूण आहे ते.”

पाकळ्यांत एक परी बसली होती. बोटाएवढी! पंख उन्हासारखे पिवळे, आणि त्यांवर दवाचे चिमुकले थेंब लुकलुकत होते.

“माझे पंख ओले आहेत,” परी म्हणाली. “वाळेपर्यंत मला दुसरीकडे जाता येत नाही.”

बकुळानं हळूच हात मागे घेतला. “झोप तू. मी बटणफुलांचंच तोरण करीन.” एवढ्यावर न थांबता तिनं वाऱ्याच्या बाजूला एक पान आडोशाला खोचून दिलं.

परी खुदकन हसली. तिनं एका पाकळीच्या पुडीतून दोन चिमटी भुकटी काढून दिली. भुकटीत निळे, गुलाबी, रुपेरी कण नाचत होते.

“ही जिथे टाकशील तिथे आपोआप रांगोळी उमलेल. पण नीट ऐक. एक चिमूट तुझ्या दारासाठी, दुसरी दुसऱ्या कुणाच्या दारासाठी. आणि टाकण्याआधी जमीन बघून घे. माझी रांगोळी जिथे उमलते, तिथलं खालचं सगळं पुसलं जातं. ते मलासुद्धा परत आणता येत नाही.”

“हो, हो, बघेन!” असं म्हणत बकुळा पळालीसुद्धा. आईची कंबर वाचेल, आपलं सारवण वाचेल, आई येईल आणि बघतच राहील! ओट्यावर उंबऱ्याजवळ फुलांची रिकामी टोपली पालथी पडली होती. ती उचलायचाही बकुळाला धीर निघाला नाही. तिनं चिमूट उडवली, तशी वाऱ्यानं ढकलल्यासारखी टोपली आपोआप अंगणात गडगडत गेली.

आणि काय सांगू! ओटाभर मोर नाचू लागले. कमळं उमलली. वेली सरसर धावल्या, वेलींना इवल्या इवल्या कळ्या लागल्या, कळ्यांत चांदण्या चमचमल्या. उरलेली चिमूट मुठीत धरून बकुळा गिरक्या घेऊ लागली. मग तिला आठवलं, पावलात रांगोळी भरायची राहिली. ती उंबऱ्याजवळ वाकली.

तिथे मोराचा पिसारा होता. निळाभोर, गुळगुळीत. तिनं हात फिरवून पाहिला. खळगा नव्हता. बाजूला चाचपलं, तिथेही नव्हता. टोपली नेमकी त्या पावलावरच पालथी होती, हे तिला आठवलं.

रडत रडत ती मळ्यात धावली. “परीताई, तुझे मोर घे, कमळं घे, सगळं घे! माझ्या बाबांचं पाऊल तेवढं दे!”

परीचेही डोळे भरून आले. “रांगोळी मी काढून घेईन गं. पण पाऊल कुठून आणू? ते माझ्या हातचं नव्हतं.” मग ती हळूच म्हणाली, “दुसरी चिमूट अजून तुझ्या मुठीत आहे. ती ज्याची त्याला पोचली, की मी येते.”

शेजारी गोदाकाकू राहायच्या. गुडघे धरलेले, त्यामुळे त्यांना खाली बसता येत नसे आणि दिवाळीचं अंगण कोरडंच राहायचं. बकुळा चिमूट घेऊन गेली, पण या वेळी तिनं आधी अंगण निरखून पाहिलं. पायरीखालची कुंडीसुद्धा उचलून बघितली.

“काकू, इथलं काही ठेवायचं आहे का? पुसलं तर परत मिळणार नाही.”

काकूंनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. “त्या कोपऱ्यातलं कासव ठेव हो. माझ्या लेकीनं दगडानं कोरलंय लहानपणी. लांब दिलीये ती. पण तुला गं कसं सुचलं हे विचारायचं?”

बकुळा कोपऱ्यात जाऊन वाकली. तिनं कासवावर एक हात आडवा धरला आणि मगच दुसऱ्या हातानं चिमूट सोडली. कासव सोडून सगळं अंगण फुलून आलं. काकूंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा तर तिला आणखीच रडू फुटलं.

ती घरी आली तो ओट्यावर परी उभी होती. पंख आता वाळले होते. तिनं ते एकदाच फडफडवले. मोर, कमळं, वेली, चांदण्या सगळं वर उठलं, तिच्याभोवती सोनेरी प्रकाश झाला, आणि त्या प्रकाशातून तिचा आवाज आला, “आता जमीन बघूनच पाऊल टाकशील तू.” प्रकाश विझला तेव्हा परी नव्हती. ओटा मात्र ओला होता. नुकतीच माती लिंपल्यासारखा, मऊ आणि कोरा.

तेवढ्यात आई आली. बकुळानं काही म्हणजे काही लपवलं नाही. आईनं पाटी खाली ठेवली. उंबऱ्याजवळ बसून ती ओल्या मातीवर हात फिरवत राहिली, जिथे रोज गोल सोडायची तिथेच.

“पुसलं होय,” एवढंच ती म्हणाली. ती रागावली असती तर बकुळाला बरं वाटलं असतं.

“आई, मी करू?” बकुळानं विचारलं. आईनं होकारार्थी मान डोलावली.

बकुळानं मूठ आडवी दाबली, जोर लावून. मग बोटानं एकेक खळगा केला. शेवटचा खळगा तिनं जरा लांब, बाजूला नेला.

आई एकदम पुढे वाकली. “ही करंगळी अशी बाहेर का काढलीस?”

“बाबा अशीच काढायचे ना! मला म्हणायचे, लक्ष्मी गावभर चालून दमलेली असते, आपल्या दारात तरी तिला पाय मोकळा करू द्यावा.”

आईनं तिला जवळ ओढलं आणि इतका वेळ आवरलेलं रडू मोकळं केलं. रडता रडता ती हसलीही. “मला नव्हतं हो सांगितलं कधी. मी आपली समजत होते, यांचा हात चुकलाय.”

मग दोघींनी मिळून त्या पावलात पांढरीशुभ्र रांगोळी भरली आणि शेजारी पणती लावली. बाबांच्या मुठीपुढे ते पाऊल अगदीच चिमुकलं होतं. ते मोठं कधीच होणार नव्हतं, आणि जुनं परत येणार नव्हतं.

बकुळा पुढे स्वतः ओटा सारवू लागली, नखांत माती गेली तरी. उंबऱ्याशी आली, की तिचा हात आपोआप हलका होई आणि एक छोटासा गोल सोडून पुढे जाई.