ओंजळीतला केस

"...आणि शास्त्रात तुमचेही घास मोजलेलेच आहेत ना, माताजी? मग तुम्ही मोजलं की तप, आणि मी मोजलं की आजार?"

एवढं विचारून चेलना मगदूम थांबली, कारण तिला धाप लागली होती. त्यागी निवासाच्या पायऱ्या चढून आली होती, बस्स. त्या पायऱ्या कुत्र्याचं पिल्लूसुद्धा उड्या मारत चढतं.

निर्वेदमती माताजी पाटावर बसल्या होत्या. पांढरी साडी, शेजारी मोरपिसांची पिंछी आणि लाकडी कमंडलू. हाताने उपटून काढलेल्या केसांची डोक्यावर खुरटी सावली. दिगंबर आर्यिका, म्हणजे जैन साध्वी, दिवसातून एकदाच जेवतात, तेही स्वतःच्या ओंजळीत. नंतर दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

"आज काय खाल्लंस?" माताजींनी विचारलं.

"भाकरी तीस ग्रॅम. मुगाची आमटी चाळीस. अर्धा बदाम."

"अर्धा का?"

"अख्खा बसत नव्हता."

"पोटात?"

"कॅलरीत."

"बरं. आमटी कशी झाली होती?"

"चाळीस ग्रॅम," चेलना पुन्हा म्हणाली.

तिच्या पर्समध्ये तळहाताएवढा डिजिटल काटा असायचा, हातरुमालात गुंडाळलेला. आधी ती त्यावर फक्त भात तोलायची. मग कच्चा तांदूळ वेगळा आणि शिजलेला वेगळा तोलू लागली. मग आईने वरून भुरभुरलेली कोथिंबीरही बोटाने वेचून काट्यावर जाऊ लागली. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुलगी, तोलण्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. आता तिची मनगटातली बांगडी कोपर ओलांडून वर जात होती.

घरातल्या आणि गावातल्या मोठ्या माणसांचं तर विचारूच नका. मंदिरातल्या आज्या तिची बसलेली गालफडं पाहून म्हणायच्या, "पोरीचा जिभेवर ताबा बघा! नाहीतर आमच्या सुना." काका म्हणायचे, लग्न झालं की भरेल अंगाने. मिरजेच्या डॉक्टरने मात्र आडपडदा ठेवला नव्हता. सोमवारी दाखल करा, नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल. नाहीतर हृदय कधीही थांबेल.

नळीतून काय जाईल, किती जाईल, हे चेलनाला मोजता येणार नव्हतं. तिला मरणाची नव्हे, त्याची भीती होती.

"मला एकाशनाचा नियम द्या, माताजी. जन्मभराचा. एकदाच जेवेन, तोलून. तुमच्याकडून घेतलेला नियम मोडायला लावायची आईची छाती होणार नाही."

"आणि डॉक्टरची?"

"तो आईला घाबरतो."

माताजी हसल्या नाहीत. त्यांनी नियमही दिला नाही. पिंछी उचलून जमिनीवरच्या एका मुंगीला हळूच बाजूला केलं, आणि डोळे मिटले.

चेलना चिडून उठली. म्हाताऱ्या माणसांना उत्तर सुचलं नाही की ती डोळे मिटतात, हा तिचा अनुभव होता.

दुसऱ्या दिवशी मगदूमांच्या घरी माताजींच्या आहारासाठी चौका लागला. सोवळ्यातला स्वयंपाक, विहिरीचं गाळलेलं पाणी. आईला वाटत होतं, माताजींचे पाय घराला लागले तर पोर वाचेल. बिचारी आई. तिच्याकडे दुसरं होतं तरी काय?

पण माताजी कुणाच्या दारात थांबतील हे कुणालाच ठाऊक नसतं. निघण्याआधी त्या मनात एक अट धरतात. तिला विधी म्हणतात. दारात आंबा दिसेल तिथेच जेवेन, किंवा असंच काही. अट कुणाला सांगायची नाही. ती कुठेच जुळली नाही तर उपाशी परतायचं. मागच्या आठवड्यात त्या तशाच परतल्या होत्या. म्हणून आज गल्लीभर बायका हातात काही ना काही घेऊन उभ्या होत्या. कुणाकडे नारळ, कुणाकडे उसाचं कांडं. खोतांच्या सुनेने तर घाईघाईत कुकरचं झाकणच धरलं होतं.

चेलना हातात काहीच न घेता दारात उभी होती. ओलेत्याने नेसलेली आईची साडी तिच्या खांद्यांवर दोरीवर टाकल्यासारखी दिसत होती.

"हे माताजी, वंदामि, वंदामि! अत्र तिष्ठ, तिष्ठ!" इथे थांबा, म्हणून दारादारातून हाक उठली.

माताजी नारळापाशी थांबल्या नाहीत. उसापाशी थांबल्या नाहीत. त्या चेलनासमोर येऊन थांबल्या.

आईच्या डोळ्यांना धार लागली. ती तिने घाईघाईने पुसली. आहाराच्या वेळी रडणंही चालत नाही.

आईला एक गोष्ट माहीत नव्हती. स्वयंपाक उरकून ती पुन्हा विहिरीवर गेली असताना चेलनाने चौक्यातलं प्रत्येक छोटं पातेलं काट्यावर ठेवून घेतलं होतं. भात, आमटी, दुधीची भाजी, दूध. आहार झाल्यावर ती पुन्हा तोलणार होती. म्हणजे कळलं असतं, माताजी खरोखर किती खातात. सगळे ज्यांच्या पाया पडतात त्या बाई जास्त खातात की आपण.

"मी वाढणार," ती म्हणाली.

"वाढ की गं बाळ, वाढ! फक्त घास नीट शोधून दे," आई म्हणाली. शोधून म्हणजे बोटांनी फोडून, उजेडात बघून. खडा, किडा, काही नाही ना.

माताजींनी ओंजळ पुढे केली. आहारात त्या बोलत नाहीत.

चेलनाने भाताचा घास ठेवला. तिच्या मनात आकडे पळत होते. दुसरा ठेवला. हा थोडा मोठा झाला, वीसेक ग्रॅम. तिचे डोळे घासावर होते, पण बघत होते ते वजनाकडे.

तिसरा घास पडला आणि माताजींची बोटं थांबली.

भातात एक केस होता. लांब, काळा, मुळासकट गळालेला.

ओंजळ सुटली. भात खाली परातीत पडला.

अंतराय.

घासात केस निघाला की आहार तिथेच संपतो. आता उद्यापर्यंत काही नाही. अजून पाणी द्यायचं राहिलं होतं, तेही नाही. चैत्राचं ऊन दारात उभं होतं आणि सत्तरीच्या माताजी चूळ भरून, पिंछी घेऊन त्याच उन्हात निघून गेल्या. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही.

"कुणाचा केस? कुणाचा गं?" बायका कुजबुजल्या.

आईने केस उचलून उजेडात धरला. तिचे स्वतःचे केस पिकलेले. तिने चेलनाकडे पाहिलं. चेलनाच्या खांद्यावर, पदरावर, बाहीला, सगळीकडे तसेच केस चिकटले होते. रोज उशीवर मूठभर पडायचे. आईला ते आजवर दिसले नव्हते असं नाही.

आईने केस खाली ठेवला. ती भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

आणि चेलना? ती आत गेली, तिने दार लावून घेतलं आणि भाताचं पातेलं काट्यावर ठेवलं. परातीत पडलेलं वजा केलं.

दोन घास. दोन घासांवर माताजी उद्यापर्यंत राहणार होत्या.

दुपारी उन्हातच ती त्यागी निवासात गेली. माताजी भिंतीशी बसल्या होत्या. ओठ कोरडे पडून पांढरे झाले होते.

"वंदामि."

माताजींनी मान हलवली.

"माझ्यामुळे झालं."

"माझं कर्म. तू निमित्त."

"असलं नका सांगू, माताजी!" तिचा आवाज चिरकला. "रागवा. हाकलून द्या. मी तुमचे घास तोलत होते. आणि केस निघाला तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं, ठाऊक आहे? वाईट नाही वाटलं. हेवा वाटला. आज तुम्ही माझ्याहून कमी खाल्लंत म्हणून... हेवा."

बाहेर कुणीतरी सायकल लावली आणि निघून गेलं.

"आई तिकडे जेवत नाहीये," चेलना म्हणाली. "तुम्ही इथे. मीच सगळ्यांना उपाशी मारणार आहे. तरी घरी गेले की मी आधी काटाच काढेन. मला माहितीये, मी काढणार. थांबवता येत नाही हो मला..."

माताजींनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली.

"तुम्हाला भूक लागलीय?" चेलनाने अखेर विचारलं.

"हो. फार."

तिला हे उत्तर अपेक्षित नव्हतं.

"तुला?" माताजींनी विचारलं.

चेलनाने हात पोटावर ठेवला. खरोखर शोधल्यासारखा ठेवला. बोटांना फासळ्या लागल्या, आणखी काही लागलं नाही.

"मला... कळत नाही."

"कधीपासून?"

तिला तेही आठवेना. हरवलेलं माणूस शेवटचं कुठे दिसलं असं पोलीस विचारतात आणि घरच्यांना सांगता येत नाही, तसा तिचा चेहरा झाला. मग तिने पर्समधला काटा काढून माताजींच्या पाटाजवळ ठेवला. क्षणभराने परत उचलला. परत ठेवला. हात त्याच्यावरून निघेना.

"मला नियम द्या," ती रडत म्हणाली. "कुठलाही द्या. नाहीतर सोमवारी ते नळी घालतील."

माताजींनी काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी आपले दोन्ही तळवे जोडून रिकामी ओंजळ केली, तिच्यात थोडा वेळ बघितलं, आणि सोडली.

"उद्याचा विधी मी आत्ताच धरलाय."

चेलनाचं रडणं थांबलं.

"काय धरलात? माताजी... माझ्यावर धरलात? मी जेवायचं, असं? सांगा ना. उद्याही तुम्ही उपाशी राहाल हो! काय धरलात?"

माताजींनी पिंछी जवळ ओढली आणि डोळे मिटले.

"विधी सांगत नसतात, बाळ."